तेल बंद झालं आणि माणूसही गप्प झाला

ताई, आम्ही इंदिरानगरला राहतो. मिस्टर ५२ वर्षांचे, अंबडच्या एका कंपनीत सुपरवायझर. दिवाळी झाली आणि आठवड्याभरात त्यांना झटका आला. अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट बसवला. डॉक्टर म्हणाले, तेल-तूप कमी करा. कशाला जोखीम घ्या म्हणून मी बंदच केलं. पाच महिने झाले, आमच्याकडे फोडणी पाण्याची. तूप, खोबरं, दाण्याचं कूट सगळं बंद. चहाबरोबर दोन-तीन खाऱ्या खातात, त्या कोरड्या म्हणून चालू ठेवल्या. वजन सात किलो उतरलं, कोलेस्टेरॉल खाली आलं, डॉक्टर खूश. पण माणूस पहिल्यासारखा राहिला नाही. पूर्वी बोलून बोलून डोकं उठवायचे, आता अंधार पडला तरी दिवा न लावता बसून राहतात. पहाटे तीनला उठतात. एक तर चिडतात, नाहीतर डोळ्यांत पाणी. गोल्फ क्लबवर चालायला जाणं सुटलं. रविवारी मित्रांबरोबर मिसळ खायला जायचे, ते मीच बंद केलं. सासूबाई म्हणतात, तू तूप तोडलंस, पोराचा मेंदू वाळला. मुलानं फिश ऑइलच्या कॅप्सूल मागवल्यात, त्या अजून फोडलेल्या नाहीत. मोबाइलवर वाचलं की मेंदू साठ टक्के चरबीचाच असतो. मग हे खरंच माझ्यामुळे झालं का? परवा रात्री म्हणाले, त्या दिवशी गेलोच असतो तर तुम्ही सगळे सुटला असता. तूप किती द्यावं ते सांगा.
— एक वाचक, नाशिक

तूप किती द्यायचं ते सांगते. पण तुपाच्या आधीचं जे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, माझी नजर तिथून हलली नाही.

‘गेलोच असतो तर सुटला असता’ असलं बोलणं घरात वैतागाचं समजून सोडून दिलं जातं. तुम्ही सोडू नका. आज रात्री सासूबाई झोपल्या की मिस्टरांजवळ बसा आणि सरळ विचारा, ‘तुमच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्यामुळे नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. उलट कुणीतरी विचारलं याचंच माणसाला हायसं वाटतं. हो म्हणाले, किंवा उत्तर न देता नुसते बघत राहिले, तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे नाहीतर जवळच्या मोठ्या रुग्णालयात घेऊन जा. गोळ्यांचा डबा आजच तुमच्या ताब्यात घ्या. स्टेंटनंतर घरात किती पाकिटं साठतात ते मला माहीत आहे. रोजच्या गोळ्या रोज हातावर ठेवा. १४४१६ हा सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर. रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तो फोन त्यांनीच करायला हवा असं नाही, तुम्हीही करू शकता.

पहाटेची जाग, चिडचिड, रडू, आवडत्या गोष्टींतून मन उडणं, हे सगळं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं की डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. तुमच्याकडे ते दोन आठवड्यांच्या कितीतरी पुढे गेलेलं दिसतंय. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या साधारण पाच जणांपैकी एकाला हे गाठतं. काल-परवापर्यंत कंपनीत चार माणसांना कामाला लावणारा गडी एका दुपारी स्ट्रेचरवर झोपतो, आणि घरी आल्यावर जो तो त्याला काचेच्या भांड्यासारखा जपतो. त्याच्या मनाचं काय होत असेल? यात दुर्बळपणाचा काही संबंध नाही. हा आजार आहे, आणि तो अंगावर काढला तर हृदयालाही महाग पडतो, कारण असा रुग्ण गोळ्या चुकवतो, चालणं सोडतो. तुमच्या मिस्टरांचं चालणं सुटलेलंच आहे.

यावर उपचार आहेत. हृदयरोग्यांना चालतील अशी औषधं आहेत; सर्ट्रालिनची तर झटका येऊन गेलेल्या रुग्णांवरच चाचणी झाली होती आणि ती हृदयाला सुरक्षित ठरली, ही २००२ सालची गोष्ट. त्यांना कोणती गोळी लागेल, लागेल की नाही, हे मी सांगणार नाही. मी आहारवाली. पण पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट बघू नका. फोन करून लवकरचा नंबर घ्या आणि केबिनमध्ये तुम्हीही आत जा. कारण ‘कसं वाटतंय?’ म्हटल्यावर ते ‘मस्त’ म्हणणार, आणि डॉक्टर रिपोर्ट बघून खूश होणार. पहाटे तीनचं तुम्ही सांगा. परवाचं वाक्यही सांगा, जसंच्या तसं. जमलं तर बी-१२, थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासायचं का, तेही विचारा. पित्ताची गोळी महिनोन् महिने चालू असली किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन असलं तर बी-१२ कमी पडू शकतं, आणि शाकाहारी घरात ते आधीच बेताचं असतं. बी-१२ कमी पडलं की माणूस गळून जातो, मनानंही.

आता सासूबाईंच्या आरोपाकडे येऊ. तुमच्यामुळे झालं का? नाही. आपल्याकडे घरात कुणाला काही झालं की ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईकडे बोट जातं. जास्त तेल घातलं म्हणून झटका, कमी घातलं म्हणून नैराश्य. दोन्ही आरोप एकाच सुनेवर.

मेंदूत साठ टक्के चरबी, हे वाक्य अर्धं आहे. मेंदूतलं पाणी वजा केलं तर जे उरतं, त्यात निम्म्याहून जास्त चरबी असते हे खरं. पण ती चरबी म्हणजे साठवून ठेवलेला लोण्याचा गोळा नव्हे. पेशींची आवरणं तिची, मज्जातंतूंवरचं वेष्टण तिचं. मेंदूतलं कोलेस्टेरॉल मेंदू स्वतः तयार करतो. रक्तातलं कोलेस्टेरॉल त्याच्या दारातून आत जात नाही. म्हणजे वरण-भातावर तूप वाढलं आणि ते थेट मेंदूत जाऊन वंगण झालं, असं घडत नाही. तसंच तूप तोडलं म्हणून मेंदू वाळतही नाही.

बाहेरून आणावीच लागतात अशी दोन मेदाम्लं, म्हणजे चरबीचे घटक, आहेत. एक ओमेगा-६ घराण्यातलं लिनोलेइक, दुसरं ओमेगा-३ घराण्यातलं अल्फा-लिनोलेनिक. १९२९ साली बर नावाच्या अमेरिकन नवरा-बायकोनं उंदरांना चरबी पूर्ण तोडलेला आहार देऊन बघितला. उंदरांची वाढ खुंटली, कातडी खवल्यांसारखी झाली, शेपट्या झडायला लागल्या. काही चरबी अन्नातून यावीच लागते हे तेव्हापासून कळलं. मेंदूला मोठ्या प्रमाणात हवं असतं ते ओमेगा-३ मधलं डीएचए. तयार डीएचए माशांत मिळतं. जवसात आणि अक्रोडात त्याचा कच्चा माल मिळतो, पण आपलं शरीर त्यातून डीएचए फारच थोडं बनवतं. एक बरं आहे, मेंदू हातातलं डीएचए सहजासहजी सोडत नाही, धरून ठेवतो. पाच महिन्यांच्या बिनतेलाच्या भाजीनं तो रिकामा होत नाही.

मग बिनतेलाच्या भाजीनं काहीच बिघडलं नाही का? बिघडलं. थोडं मोकळेपणानं लिहिते, रागावू नका.

पाण्याची फोडणी ही फोडणीच नव्हे. मोहरी पाण्यात तडतडत नाही, तिला तेलाचा ताव लागतो. हिंगाचा, जिऱ्याचा, कढीपत्त्याचा वास तेलात उतरतो आणि तेलातून भाजीभर पसरतो. पाण्यात टाकलेली मोहरी दाताखाली कडू लागते, हिंग कच्चा राहतो. माझ्या वडिलांची बायपास झाली तेव्हा आमच्या आईनंही हेच केलं होतं. उकडलेला दुधी, उकडलेला भोपळा, वर कोथिंबीर. वडील काही बोलायचे नाहीत, अर्धी पोळी खाऊन उठायचे आणि आई आत जाऊन रडायची. मी तेव्हा शिकत होते आणि मला वाटायचं, आई किती शास्त्रशुद्ध करते आहे!

वजन सात किलो उतरलं हे तुम्ही आनंदानं लिहिलंत. ते जास्त होतं की बेताचं, ते मला माहीत नाही. पण एका ग्रॅम चरबीत नऊ कॅलरी असतात, धान्याच्या पिठात आणि डाळीत ग्रॅमला चारच्या आसपास. चरबी काढून टाकली आणि तिच्या जागी दुसरं काही आलं नाही की माणूस अर्धपोटी राहतो. अर्धपोटी माणूस चिडतो, त्याची झोप पातळ होते. शिवाय ज्याचं मन आधीच कशात लागत नाही त्याच्यापुढे बेचव ताट आलं की तो आणखी कमी खातो. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं अंगी लागायलाही जेवणात थोडी चरबी लागते. तेव्हा तेल बंद झाल्यानं आजार झाला नसला, तरी आजारी माणसाला त्यानं मदतही केली नाही. डॉक्टरांनी ‘कमी’ सांगितलं होतं. ‘बंद’ तुमच्या भीतीनं ठरवलं, आणि अशा वेळी तसं ठरवणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही.

आता ती खारी. आज चहाच्या वेळी एक खारी वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटांनी उचला. कागदावर पारदर्शक डाग दिसला तर मला नवल वाटणार नाही. खारीचे पापुद्रे सुटतात ते मैद्याच्या दोन थरांमध्ये वनस्पती तूप किंवा मार्गारीन लावून लाटलेलं असतं म्हणून. ती कोरडी लागते, पण असते तेलकट. पाच महिने घरात चमचाभर शेंगदाणा तेल वर्ज्य, आणि दिवसाला दोन-तीन खाऱ्यांमधून घट्ट चरबी पोटात! यातल्या ट्रान्स फॅटचं, म्हणजे कारखान्यात तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या चरबीचं, नाव हृदयाच्या बाबतीत बदनाम आहेच, मनाच्या बाबतीतही चांगलं नाही. स्पेनमध्ये बारा हजारांहून जास्त पदवीधरांचा काही वर्षं माग ठेवला. ज्यांच्या खाण्यात ट्रान्स फॅट सर्वांत जास्त, त्यांच्यात पुढे नैराश्यही जास्त दिसलं. २०११ साली ते प्रसिद्ध झालं. सतत बेकरीचं खाणाऱ्यांच्या बाकीच्या सवयीही वेगळ्या असतात, त्यामुळे सगळा दोष एकट्या ट्रान्स फॅटवर टाकता येत नाही. पण ते खाऊन काही भलं होतं असंही कुणी दाखवलेलं नाही. भारतात जानेवारी २०२२ पासून खाद्यतेलात आणि वनस्पती तुपात असं ट्रान्स फॅट दोन टक्क्यांच्या वर चालत नाही, पण सुट्या खारीच्या पिशवीवर काय लिहिलेलं असतं? फार तर बेकरीचं नाव. तर बंद काही करायचंच असेल तर खारी करा. चहाबरोबर मूठभर भाजलेले चणे-शेंगदाणे किंवा थोड्या तेलातला पातळ पोह्यांचा चिवडा चालेल, मीठ बेतानं. चिवडा नाशिककरांना काय शिकवायचा.

अन्नानं नैराश्यात फरक पडतो का? थोडा पडताना दिसतो. ऑस्ट्रेलियात फेलिस जाका यांच्या गटानं नैराश्य असलेल्या ६७ जणांना घेऊन बारा आठवड्यांचा प्रयोग केला. निम्म्यांना आहारतज्ज्ञ भेटून खाणं बदलायला मदत करायचे, निम्म्यांना तितक्याच वेळा कुणीतरी भेटून नुसत्या गप्पा मारायचं. खाणं बदललेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश जण नैराश्याच्या कक्षेबाहेर आले, गप्पांच्या गटात शंभरात आठ. हे २०१७ सालचं. गट लहान होता आणि बहुतेकांची औषधं किंवा समुपदेशनही चालू होतं, म्हणून मी यावर फार उड्या मारत नाही. पण त्यांच्या ताटात काय होतं ते बघा. डाळी-कडधान्यं, भाज्या, फळं, अख्खी धान्यं, मासे, सुकामेवा आणि ऑलिव्हचं तेल. तेल होतं! कमी करायचं होतं ते तळलेलं, गोड आणि पाकीटबंद.

कॅप्सूलचं मात्र तसं नाही. अमेरिकेत पन्नाशीच्या वरच्या अठरा हजारांहून जास्त लोकांवर पाच वर्षं चाललेली चाचणी आहे. रोज एक ग्रॅम ओमेगा-३ घेणाऱ्यांना नैराश्यापासून काही संरक्षण मिळालं नाही. नैराश्य आधीच असेल तर उपचारांच्या जोडीला ईपीए (डीएचएसारखाच माशांतला दुसरा घटक) जास्त असलेलं ओमेगा-३ काहींना उपयोगी पडतं असं काही चाचण्यांत दिसलंय, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. तुमच्या घरी तर नक्कीच, कारण स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असतात, आणि ओमेगा-३च्या मोठ्या डोसनं हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो हेही समोर आलंय. मुलाचं प्रेम खरं आहे. बाटली फेकू नका, डॉक्टरांकडे जाताना पर्समध्ये टाका आणि लेबल दाखवा. आणि कोलेस्टेरॉलची गोळी ‘हिच्यामुळेच मन खचलं असेल’ म्हणून परस्पर बंद करू नका. शंका असेल तर तीही तिथेच विचारा.

आता ओट्यापाशी. बैठं काम करणाऱ्या माणसाला दिवसाला वीस ते पंचवीस ग्रॅम तेल-तूप मिळून चालतं. तुमच्या मिस्टरांसाठी मी वीसच धरीन, हृदयाच्या डॉक्टरांनी आकडा दिला असेल तर तो खरा. चहाचा एक चमचा म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आसपास. रोज चमचे मोजत बसलात तर आठ दिवसांत कंटाळाल, त्यापेक्षा दर रविवारी अर्धा लिटर तेल वेगळ्या बरणीत काढा. तुम्ही चौघं असाल, तर पुढच्या रविवारपर्यंत स्वयंपाक तेवढ्यात. माणशी दिवसाला साडेतीन चमचे पडतात. बरणी शुक्रवारीच संपली तर शनिवारी पिठलं न करता वरण-भात. वरून प्रत्येकाला दिवसाला एक चमचा साजूक तूप, गरम भातावर. सासूबाईंनाही तो दिसू दे. तुपात संपृक्त, म्हणजे कोलेस्टेरॉल वाढवणारी, चरबी साठ टक्क्यांच्या वर असते म्हणून दुसरा चमचा नाही, पण एका चमच्यानं स्टेंट बुजत नाही.

तेल शेंगदाण्याचं घ्या, अधूनमधून मोहरीचं, वास झेपला तर. सूर्यफूल-करडईला हल्ली फार शिव्या देतात, ते मला पटत नाही. तुपा-वनस्पतीच्या जागी आलं तर कोलेस्टेरॉल खालीच आणतं. त्यात ओमेगा-३ जवळजवळ नसतं एवढंच, आणि ते आपल्याकडे जवसातून भरून काढता येतं. अक्रोड परवडत असतील तर आणा, नाहीतर भद्रकालीत किराणा घ्यायला गेलात की पाव किलो जवस आणा. मोठा चमचाभर पुडीत, म्हणजे सात ग्रॅममध्ये, दीड ग्रॅमच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक मिळतं, आणि पुरुषाची दिवसाची गरज तेवढीच आहे. जवस कोरडे भाजायचे, तडतडायला लागले की झाकण ठेवा, डोळ्यांपर्यंत उडतात. लसूण, लाल तिखट, थोडं मीठ घालून दळा. अख्खे खाल्ले तर तसेच्या तसे बाहेर पडतात. एकदम महिन्याची करून ठेवू नका, दळलेल्या जवसाला लवकर खवट वास येतो. आठ दिवसांची पुरे. पेठ-सुरगाण्याकडची खुरासणीची चटणी खुशाल खा, मलाही आवडते, पण तिचं तेल ओमेगा-६चं. जवसाची जागा ती घेत नाही.

ते बाहेर मासे खात असतील तर आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली, कालवणातली, तळलेली नको. पापलेटहून स्वस्त, आणि ओमेगा-३ला श्रीमंत. खात नसतील तर आत्ताच बाटवायची गरज नाही.

राहिली रविवारची मिसळ. ती बंद केलीत हे मला पाण्याच्या फोडणीपेक्षा जास्त खटकलं. तर्री कधीच महत्त्वाची नव्हती, त्या टेबलाभोवतीची चार माणसं होती. आठवड्यातला तेवढा एक तास त्यांना कुणी पेशंट म्हणत नसेल. त्यांच्यातल्या ज्याच्याशी त्यांचं सर्वांत जास्त जमतं, त्याला तुम्हीच फोन करा. परिस्थिती सांगा, लपवू नका. म्हणावं, रविवारी घरी येऊन त्यांना घेऊन जा, आधी डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं गोल्फ क्लबवर चालवा, मग मिसळ. वरची तर्री काढून, मटकी जास्त, शेव चिमूटभर, दही आणि एकच पाव. पहिल्या रविवारी ते नको म्हणतील. मित्राला सांगून ठेवा की दुसऱ्या रविवारीही यायचं.

पण हे सगळं डॉक्टरांची भेट ठरल्यावर. आज रात्रीचा प्रश्न आधी. काय म्हणाले ते मला कळवा, नाव नाही घातलंत तरी चालेल.